कुमुदताईंची सुई

अजूनही एखादी बाई ताठ पाठीनं रस्त्यानं चाललेली दिसली, की माझ्या पोटात थोडंसं दुखतं. हे दुखणं मला कुमुदताईंनी लावून दिलं. त्या गेल्या, दुखणं काही गेलं नाही.

आमचं घर पुण्याजवळच्या नांदे गावातलं. हिंजवडीला कंपन्या आल्या, त्यांच्या मागनं कंपन्यांतली पोरं आली, आणि ज्याच्या त्याच्या अंगणात भाड्याच्या खोल्या उठल्या. आमच्याकडंही रस्त्याच्या बाजूला, जिथं पूर्वी पेंढ्याची गंज असायची, तिथं खोल्या काढल्या. त्यातल्या दोन नीलेश म्हणून एका पोराला दिल्या. अकोल्याकडचा, कॉम्प्युटरवाला, सभ्य. एक दिवस म्हणाला, "काकू, माझी आई येणारे राहायला. चालेल ना?"

न चालायला काय? मला वाटलं, येईल बिचारी वाकलेली म्हातारी, तिला करमणार नाही, आपण चार शब्द बोलू, वाटीभर ताक देऊ, ती म्हणेल किती बाई मायाळू. आणि टेम्पोतनं उतरल्या त्या कुमुदताई. माझ्याच वयाच्या, साठीच्या. पाठ अशी, की मागं फळी बांधलीय. कडक इस्त्रीचं सुती पातळ, अकोल्यापासून आलेलं, पण एक चुणी नाही. मी गोठ्यातनं तशीच बाहेर आलेले, हात शेणानं भरलेले. मी समोर त्यांना अहो-जाहो केलं, ते शेवटपर्यंत केलं. मनात मात्र त्या क्षणापासून 'ही बाई'.

ही बाई नोकरी करून आलेली. जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेलेला, कानाला ते यंत्र लावून याचा फोन त्याला जोडून द्यायचा. त्यामुळं आवाज असा गोड आणि स्वच्छ, की "दूध आलं का हो?" एवढं विचारलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं, आपला ट्रंक कॉल लागला. बोलताना मान जरा डावीकडं कलायची, रिसीव्हर धरल्यासारखी. समोरचा गप्प बसला की म्हणायच्या, "काहून बाप्पा, लाइन गेली का?" आणि बोलणं संपलं की 'येते' नाही, 'जाते' नाही. "बरं, ठेवते," म्हणायच्या आणि चालू लागायच्या. गल्लीतल्या बायका आठवड्याभरात ते शिकल्या. विहिरीवरसुद्धा 'ठेवते गं, ठेवते गं' चालू झालं. मी नाही म्हटलं कधी.

मला त्या मालकीणबाई म्हणायच्या. त्यात मान होता की चिडवणं, ते मला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

आता आमचे मालक. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि त्यांनी माझ्याशी बोललेले सगळे शब्द पोत्यात भरले असते तर पोतं अर्धंसुद्धा झालं नसतं. "जेवायला वाढ," "म्हस पान्हावली का," झालं. असा माणूस रोज सकाळी पेपर घेऊन कुमुदताईंच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागला. त्या चहा करायच्या, हे बातम्या वाचून दाखवायचे. हसायचे! मला तर तो आवाज कुणाचा तेच आधी कळेना. माझं तुळशीचं वृंदावन एका कोपऱ्यानं ढासळलं होतं, मी किती वर्षं म्हणत होते, जरा सिमेंट लावा. ते राहिलं बाजूला. कुमुदताई एकदा म्हणाल्या, भाजीला ताजा कढीपत्ता मिळत नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी घोटावड्याच्या नर्सरीतनं रोप आणून त्यांच्या दाराशी लावलं. वर आळं करून पाणी.

सून सुनंदा, तीही दुपारचं काम आवरलं की तिकडंच. मी हाक मारली की "आले, आत्या," म्हणायची आणि यायची नाही.

हे सगळं चालू असताना माझी पाठ मोडली.

म्हणजे पडले-बिडले नाही मी. गोठ्यातली पाण्याची बादली उचलली, रोजचीच, आणि पाठीत करकन् झालं. पुण्याला नेलं, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मणका चेपलाय, हाडं पार ठिसूळ झालीत, खडूसारखी. दुसरा मणका बसला तर वाक येईल, तिसरा बसला तर अंथरूण. औषध आहे, इंजेक्शनं घ्यायची.

"किती वो?" मी विचारलं.

"रोज एक. दीड वर्ष."

मला वाटलं, तरुण डॉक्टर आहे, चेष्टा करतोय.

आता इथं माझ्या आईचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच सुईचं कौतुक करतेय. माझी आई शेवटच्या वर्षांत अशी वाकली होती, की तिला आमची तोंडं बघायची असतील तर बाजेवर आडवं व्हावं लागायचं. उभी असली की तिला फक्त आमची पावलं दिसायची. पावलांवरनं ओळखायची, "थोरली आली व्हय?" मी पुण्याहून परत येताना जीपमध्ये तेच डोक्यात. मला पावलं बघत जगायचं नव्हतं. आणि सुईची मला भीती अशी, की देवीच्या लशीलासुद्धा लहानपणी मी कणगीत लपून बसले होते.

त्यात ते औषध थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. फ्रीज आमच्याकडं होता, वीज नव्हती. लोडशेडिंगचे दिवस. कॉम्प्युटरसाठी नीलेशच्या खोलीत इन्व्हर्टर, त्याच्यावरच त्यांचा बारका फ्रीज चालायचा. म्हणजे घर माझं, जागा माझी, खोल्या माझ्या, आणि माझं औषध हिच्या फ्रीजात, हिच्या लोणच्याच्या बरणीशेजारी. काय वाटलं असेल मला!

पहिले काही दिवस गावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर येऊन टोचायचा. पेनासारखं यंत्र ते, पुढं बारीक सुई. सुनंदा धावत फ्रीजातनं आणायची, तो ओल्या स्पिरिटवरच खुपसायचा, खुंटी ठोकल्यासारखी. मी असा टाहो फोडायची, की म्हैस दावं ओढायची. टोचून झालं की आम्ही आमचं शहाणपण करायचो. आमच्याकडं कुठंही दुखलं की विटकरीचा तुकडा चुलीत तापवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि दाबून शेकायचं. आधी मांडी खसाखसा चोळायची, मग वीट. जितकं दुखेल तितकी वीट गरम, आणि जितकी वीट गरम तितकं जास्त दुखायचं. आठवड्यात मांडी वांग्यासारखी काळीनिळी झाली, वर भाजल्याचे फोड. एका सकाळी मी कंपाउंडरला दारातनंच परत पाठवला. "मरन आलं तर येऊंद्या, पन ती सुई न्हाई पायजे," असं जाहीर करून भिंतीकडं तोंड करून निजले.

मालकांनी ऐकलं आणि पेपर घेऊन कुमुदताईंच्या दाराकडं गेले. दोन-तीन दिवस गेले. मग दारात तो आवाज.

"मालकीणबाई, तुमचं औषध माझ्या फ्रीजात काहून पडून आहे? मला लोणच्याला जागा होत नाही."

"टाका मंग उकिरड्यावर."

"टाकते की. आधी पाय बघू द्या."

मी नको नको म्हणेपर्यंत लुगडं गुडघ्याच्या वर सारलं गेलं होतं. त्यांनी मांडी बघितली, मग सुनंदाकडं बघितलं, मग कोनाड्यातल्या विटेकडं. हसल्या नाहीत, एवढं म्हणेन. "वीट बाहेर टाक," म्हणाल्या. "आणि सुई कोणती वापरत होता तो? एकच? रोज बदलायची असते बाप्पा. बोथट झाली की ती टोचत नाही, ओरबाडते."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मीच त्यांच्याकडं जायची, कारण फ्रीज तिकडं. ती पद्धत मी अजून डोळे मिटून सांगेन. आधी औषध बाहेर काढून ओट्यावर ठेवायचं आणि चहा टाकायचा. चहा पिऊन होईतो औषधाचा गारवा मरायचा, कारण थंड औषध आत झोंबतं. मग मला खुर्चीत पाय सैल सोडून बसवायचं. आज उजवी मांडी, उद्या डावी, परवा पोट, बेंबीपासून लांब. एका जागी लागोपाठ नाही. स्पिरिट लावायचं आणि वाळू द्यायचं. ते वाळेपर्यंत त्या पदरानं वारा घालायच्या आणि बोलायच्या.

बोलणं! खरी गोम तिथं.

पहिल्याच दिवशी मान डावीकडं कलली आणि म्हणाल्या, "काल सुनंदा बसली होती माझ्याकडं. पिठलं खाल्लं तिनं. म्हणाली, ताई, अशी चव आमच्या घरात कुणाच्याच हाताला नाही."

"कोन म्हनलं? आमची सुनंदा?"

"हो."

"माज्या हातचं पिठलं खाऊन तिला दोन पोरं झाली, आन् आता चव न्हाई व्हय? येऊंद्या तिला, बघतेच—"

"झालं."

"काय झालं?"

"टोचून झालं, मालकीणबाई. हात लावू नका, चोळायचं नाही. पाच मिनिटं बसून राहा, चक्कर येते कधी. बरं, ठेवते," आणि उठून भांडी घासायला गेल्यासुद्धा.

मी बघते तो मांडीवर मोहरीएवढा लाल ठिपका. आणि मला पत्ता नाही.

असं रोज. एक दिवस, "मालक सांगत होते, त्यांना कारल्याची भाजी आवडते. मी केली, दोनदा घेतली." घरात मी कारलं केलं की हे ताट सरकवायचे! झालं टोचून. एक दिवस, "पलीकडच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, भोंडला यंदा तुमच्या अंगणात ठेवू, तुमची रांगोळी छान." अंगण माझं. त्या अंगणात माझ्या सासूपासून भोंडला होतोय. त्या दिवशी पोटात सुई होती आणि मी वर मान करून भांडतेय, "रांगोळी माझी बघा म्हनावं एकदा, ठिपके न मोजता काडते मी!" झालं टोचून.

घरी आल्यावर मी सुनंदाशी भांडायची, ह्यांच्यासमोर भाकरी आपटायची, आणि दुपारी एकटी असताना त्यांच्यासारखी ताठ बसून बघायची. पाठ कळवळायची. भिंतीला टेकून बसायची, हनुवटी वर. सुनंदा आली की पुन्हा नेहमीसारखी.

सुनंदानंच एक दिवस फोडलं. मी तणतणत होते आणि ती पीठ मळता मळता हसतेय. "आत्या, त्या मुद्दाम बोलत्यात वो. तुमाला राग आला की तुमचं ध्यान सुईकडं ऱ्हात न्हाई. मलाबी सांगितलंय त्यांनी, रोज काय काय घडलं त्ये सांगत जा म्हनून."

माझ्या अंगाची लाही झाली. दुसऱ्या सकाळी चहासुद्धा घेतला नाही. "खोटंनाटं सांगून मला खेळवत व्हता व्हय तुमी?"

कुमुदताई स्पिरिटचा बोळा पिळत होत्या. "खोटं? एक शब्द खोटा नाही. मी एक्स्चेंजातली बाई आहे. इकडचं तिकडं जोडायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

म्हणजे पिठलंही खरं, कारलंही खरं. खोटं असतं तर एक वेळ परवडलं असतं.

मग त्यांनी सांगितलं, तेही पदरानं वारा घालत. त्यांच्या यजमानांना साखर होती, रोज दोन वेळा टोचायला लागायचं, आणि गडी सुई बघून पांढरा पडायचा. मग त्या आपल्या एक्स्चेंजातल्या साहेबाचं कौतुक सांगायच्या. साहेब काय छान गातात, साहेबांचा शर्ट काय पांढरा असतो.

"आन् त्ये जळायचे?"

"जळायचे म्हणजे! शेवटच्या आजारात दवाखान्यातसुद्धा विचारलं, तो गाणारा साहेब आहे का गेला बदलीवर? तो कधीच रिटायर झाला होता. मी म्हटलं, आहे की. झालं टोचून."

आणि गप्प झाल्या. मान कललेलीच. मला पहिल्यांदा वाटलं, आता आपण विचारावं, लाइन गेली का. नाही विचारलं. माझ्या लक्षात आलं, माझंही टोचून झालं होतं. माणूस गेलेल्या बाईवरसुद्धा मी त्या घटकेला जळत होते. मेल्यावरही नवऱ्याचं असं सांगता येतं हिला. आमचे हे जिवंत आहेत, आणि मला त्यांचं सांगण्यासारखं काय, तर 'जेवायला वाढ'.

डाव कळल्यावर तो चालायला नको होता. पण चालला. रोज सकाळी मी ठरवून जायची, आज नाही चिडायचं, आणि रोज ही बाई काहीतरी खरं सांगायची. शेवटच्या महिन्यांत तर त्यांनी पेन माझ्याच हातात दिलं. "शिका. मी काय जन्माला पुरणार आहे?" मी स्वतःच्या हातानं दाबायची, त्या नुसत्या बोलायच्या.

दीड वर्षानं फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाड धरलंय छान, आणखी मणका बसलेला नाही. मालक बरोबर होते. त्यांनी बाहेर येऊन पेढे घेतले. मला वाटलं, आता देतील एक माझ्या हातावर. तर म्हणाले, "कुमुदताईंना द्यायला पायजेल." घ्या!

पुढच्या उन्हाळ्यात नीलेशनं वाकडला फ्लॅट घेतला आणि ती मंडळी निघाली. सगळी आळी गोळा झाली. सुनंदा रडली, बायका रडल्या, आमचे हे टेम्पोला दोऱ्या बांधत राहिले, बांधून झालेल्या पुन्हा बांधत राहिले. मी नाही रडले. एवढी माणसं मी जाताना तरी जमतील का, याचा हिशेब करत होते. "बरं, ठेवते, मालकीणबाई," म्हणाल्या आणि टेम्पोत पुढं बसल्या, ताठ. त्या रात्री ह्यांनी अर्धी भाकर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी कढीपत्त्याला पाणी घातलं, म्हटलं, झाडावर कशाला राग.

त्यानंतर दीडेक वर्षानं नीलेशचा फोन आला. आई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आणि डॉक्टर म्हणतात, हाडं फारच ठिसूळ आहेत, पूर्वी तपासलंच नाही कधी. आता तीच इंजेक्शनं, रोज.

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. ती ताठ पाठ. आतनं खडू.

सुनंदाला घेऊन मी वाकडला गेले. लिफ्टनं वर. कॉटवर कुमुदताई, उशांना टेकवलेल्या, एकदम बारक्या दिसत होत्या. पातळ नव्हतं, गाऊन होता, चुरगळलेला. मला बघून मान डावीकडं कलली. "आल्या का! बसा. चहा हा पोरगा करतो, बेकार करतो."

इंजेक्शनची वेळ झालीच होती. नीलेशनं पेन आणलं, पण पोराला टोपण काढायचं काही होईना. आईला टोचायचं म्हटल्यावर कसं होणार. कुमुदताईंनी पांघरूण घट्ट धरलं होतं, बोटं पांढरी होईतो. तेव्हा मला कळलं. या बाईला सुईची भीती होती. माझ्याएवढीच.

"आन हिकडं," मी म्हटलं. पेन हातात घेतलं, गार लागलं, ओट्यावर ठेवलं. "आदी च्या."

बेकार चहा प्यालो. स्पिरिट लावलं. मी पदरानं वारा घालायला लागले आणि म्हटलं, "तुमच्या खोलीत नवीन बाई आलीय ऱ्हायला. पिठलं काय करती! मालक तर तुमचं नावबी काढत न्हाईत आता."

कुमुदताईंनी डोळे मिटले होते. तशाच हसल्या. "खोटं. मालक परवाच फोनवर बोलले माझ्याशी. तुम्हाला जमत नाही, मालकीणबाई. खरं सांगा काहीतरी."

फोनवर! मला ठाऊकसुद्धा नव्हतं. म्हणजे टोचायची मी, आणि जळायचीही मीच.

स्पिरिट वाळलं. माझ्याजवळ खरं असं काय होतं, या बाईला जळवण्यासारखं? मग तोंडातनं आलंच.

"परवा भातकापणी व्हती. डोंगराकडच्या खाचरावर गेले व्हते मी. चालत. काठी न घेता, बांदावरनं. गडी म्हनले, आजी बसा, तर म्हनलं, बसायला का आले हितं? उबी ऱ्हायले. पार ऊन कलेपतुर. आंबेमोहराचा वास नुसता, आन् त्या उंचावरनं सगळं दिसत व्हतं, पार घोटावड्यापतुर."

कुमुदताईंनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं नाही. खांद्यांकडं, पाठीकडं. ती नजर मी ओळखली. ओळखणार नाही तर काय, आरशात रोज बघितलेली. पांघरुणावरची बोटं सुटली होती.

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं?"

"टोचून झालं. चोळू नका."

त्यांनी मांडीवरचा ठिपका बघितला. मग हळूच, "काठी न घेता?"

"न घेता."

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. मला पुन्हा वाकडला जायला जमलं नाही. त्यामुळं माझ्याजवळ त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते एवढंच, आणि तेही मी पाठमोरी असताना. त्या दिवशी आम्ही निघालो. सुनंदा पुढं गेली लिफ्ट बोलवायला. कॉटपासून दारापर्यंत लांबलचक हॉल होता. माझा पाय घाईनं उचलत होता, शेवटची बस होती, पण मी सावकाश चालले. खांदे मागं, हनुवटी वर, जशी दुपारी भिंतीला टेकून शिकले होते. पाठ कळवळली नाही. मागनं बघतंय कुणीतरी, हे मला कळत होतं, आणि जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या पाठीकडं तसं बघत होतं.

दाराशी पोचले तेव्हा मागनं तो आवाज आला, गोड आणि स्वच्छ, जरा लांबून आल्यासारखा.

"बरं, ठेवते, मालकीणबाई."

मी वळले नाही. वळले असते तर परत कॉटपाशी जाऊन वाकावं लागलं असतं.